कोर्स सुरू होण्याआधीचं वर्ष: ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट व्हायची तयारी

निरीक्षणाला जायला लागून तीन-चारच दिवस झाले होते. पक्षाघातातून सावरणारे एक आजोबा पलंगाच्या कडेला बसून एका हाताने शर्टाची बटणं लावत होते. दोन लागली. तिसरं काही केल्या काजात जाईना. मी मिनिटभर पाहिलं, मग राहवेना. पुढे झाले आणि लावून टाकलं. आजोबा ओशाळून हसले. थेरपिस्ट बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी ते बटण परत काढलं आणि आजोबांना म्हणाल्या, "हं, करा सुरू. आम्हाला घाई नाही." अडीच मिनिटं लागली, पण बटण लागलं. ती अडीच मिनिटं मी भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभी होते.

या कोर्सला यायचं म्हणणारी बहुतेक मुलं-मुली सांगतात, "मला लोकांना मदत करायला आवडतं." खरंच आवडत असतं. पण इथली मदत कधी करायची, किती करायची आणि कधी अजिबात करायची नाही, हे ओळखण्यातच सगळं कौशल्य आहे. शरीररचना कॉलेजात शिकवतात, कायदे शिकवतात, नोंदी लिहायला शिकवतात. नीट पाहण्याची आणि हात आवरण्याची सवय मात्र आधीपासून लावून घेतली, तर पुढचं ओझं बरंच हलकं होतं. म्हणून खालच्या तयारीत तिला जास्त जागा दिली आहे.

पायरी १: काम काय आहे ते नीट समजून घ्या

नावातच घोळ आहे. 'ऑक्युपेशन' म्हणजे नोकरी असं वाटतं आणि मराठीतल्या 'व्यवसायोपचार' या शब्दानेही तोच समज पक्का होतो. इथे ऑक्युपेशन म्हणजे माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामं: दात घासणं, कपडे घालणं, शौचाला जाणं, स्वयंपाक, अभ्यास, खेळ, हिशेब, औषधं वेळेवर घेणं. आजाराने, अपघाताने, वयाने किंवा जन्मतःच यातलं काही अडलं, तर ते पुन्हा जमवून देणं किंवा वेगळ्या रीतीने जमवून देणं हा या उपचाराचा विषय. (हॉस्पिटलात 'ओटी' म्हटलं की निम्मे लोक ऑपरेशन थिएटरकडे बोट दाखवतात. त्याचीही सवय करून घ्या.)

रोजच्या कामांचे दोन गट इथे सतत कानावर येतात. स्वतःच्या शरीराची निगा राखण्याची कामं, म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण, शौच, यांना 'एडीएल' म्हणतात. घर आणि व्यवहार चालवण्याची, जास्त डोकं लागणारी कामं, म्हणजे स्वयंपाक, पैशांचे व्यवहार, फोन, प्रवास, ही 'आयएडीएल'. एखादी व्यक्ती पहिल्या गटात पूर्ण स्वावलंबी असते आणि दुसऱ्यात साफ कोलमडते. घरच्यांना तो आळस वाटतो.

आता थेरपिस्ट आणि असिस्टंट यांच्यातला फरक. पहिल्या तपासणीची, तिचा अर्थ लावण्याची आणि उपचाराचा आराखडा ठरवण्याची जबाबदारी थेरपिस्टची. असिस्टंट त्या आराखड्याप्रमाणे प्रत्यक्ष उपचार देते, प्रगती टिपते, काही बदललं तर थेरपिस्टला कळवते आणि आराखड्याच्या चौकटीत राहून त्या दिवसाचा व्यायाम सोपा-अवघड करते. रुग्णासोबत जास्त वेळ बहुतेकदा असिस्टंटच असते. 'निदान मी करणार' ही ओढ असेल तर हा कोर्स तुम्हाला दोन वर्षांत अस्वस्थ करेल. त्यापेक्षा थेट थेरपिस्टच्या पदवीकडे जा.

हा व्यवसाय फार जुना नाही. अमेरिकेत १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मूठभर मंडळींनी या व्यवसायाची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्यात एक वास्तुविशारद होते, एक मनोविकारतज्ज्ञ होते, समाजकार्याकडून आलेल्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल होत्या. असिस्टंटचं प्रशिक्षण अधिकृतपणे उभं राहिलं ते त्यानंतर चार दशकांनी, १९५०च्या दशकाच्या शेवटी, आणि सुरुवात मानसोपचाराच्या हॉस्पिटलांपासून झाली. आज या कामाची ओळख हातापायांच्या आजारांशी इतकी जोडली गेली आहे की मनाच्या आजारांत याची मुळं आहेत हे नव्याने येणाऱ्यांना ठाऊकच नसतं. मुलाखतीत हे सांगितलंत तर समोरच्याच्या भुवया उंचावतील, चांगल्या अर्थाने.

पायरी २: कोर्स निवडताना फसू नका

'असिस्टंट' या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये असिस्टंट किंवा सपोर्ट वर्कर बहुतांशी कामावरच शिकतात आणि त्यांना थेरपिस्टसारखी व्यावसायिक परिषदेत नोंदणी करावी लागत नाही. कॅनडात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या दोन्हींच्या सहाय्यकाचं काम एकाच पदविकेत शिकवणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. सगळ्यात काटेकोर चौकट अमेरिकेत आहे, म्हणून ती जरा सविस्तर.

तिथे सहसा दोन वर्षांची असोसिएट पदवी असते. संस्थेला 'एकोट' या मान्यता मंडळाची मान्यता लागते. ती नसेल तर शेवटची राष्ट्रीय परीक्षाच देता येत नाही. नव्या संस्थांच्या बाबतीत जास्त जपायला हवं, कारण 'उमेदवार', 'पूर्वमान्यता' आणि 'मान्यता' हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत आणि जाहिरातीत ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. संस्थेच्या शब्दावर विसंबू नका, मंडळाच्या यादीत स्वतः बघा. शिक्षण पुरं झाल्यावर 'एनबीसीओटी' या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची तीच राष्ट्रीय परीक्षा, ती पास झाल्यावर 'कोटा' ही पदनामाची अक्षरं, आणि मग ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचा परवाना. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एक मिळाली म्हणजे पुढची आपोआप मिळत नाही.

'एड' आणि 'असिस्टंट' यांतही गल्लत होते. एड म्हणजे साधनं मांडणारा, पुसणारा, रुग्णाला आणणारा-नेणारा मदतनीस. त्याला परवाना लागत नाही आणि तो कुशल उपचार देत नाही. काही आठवड्यांत 'थेरपी असिस्टंट' करून देतो म्हणणारे वर्ग बहुधा एडचंच काम शिकवत असतात. एड म्हणून वर्षभर काम करणं ही मात्र उत्तम तयारी आहे. मी तर म्हणेन, जमत असेल तर कराच.

संस्थेला विचारायचे प्रश्न: पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास होणारे किती? प्रवेश घेतलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे किती? प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाच्या जागा संस्था मिळवून देते की तुम्हालाच शोधाव्या लागतात? आधी केलेले विज्ञानाचे विषय किती वर्षांपर्यंत चालतात? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. काही ठिकाणी पाच-सात वर्षांपूर्वीची शरीररचना बाद धरतात आणि ती पुन्हा करावी लागते.

पायरी ३: निरीक्षण

बऱ्याच संस्था प्रवेशाआधी ठरावीक तास निरीक्षण मागतात. मागत नसल्या तरी करा, आणि एकाच प्रकारच्या जागी करू नका. लहान मुलांचं केंद्र पाहून हुरळून गेलेली मुलगी पुढे वृद्धाश्रमात हबकते. किमान दोन टोकं बघा: एकीकडे मुलं किंवा शाळा, दुसरीकडे पुनर्वसन विभाग किंवा वृद्धसेवा. मनोविकार विभागात शिरकाव मिळाला तर सोडू नका.

परवानगी मागताना पत्र चार ओळींचं ठेवा: कोण आहात, कशासाठी, किती तास, कोणते वार. उत्तर आलं नाही तर आठवड्याने फोन करा. तिथे गेल्यावर नियम साधे आहेत. विचारल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही, फोन बाहेर काढायचा नाही, आणि प्रश्न रुग्णासमोर नाही, नंतर विचारायचे. वहीत नाव, खोली, गाव काहीही लिहायचं नाही. गोपनीयता हा कायद्याचा भाग आहेच, पण बसमध्ये मैत्रिणीला सांगितलेली 'मजेशीर' गोष्टही त्यात मोडते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

वहीत लिहायचं काय? "आज खूप शिकायला मिळालं" हे नको. हे बघा, माझ्या जुन्या वहीतलं:

"साठीच्या पुढच्या बाई, डावी बाजू कमजोर. ताटातलं उजवीकडचं संपलं, डावीकडचं तसंच. मला वाटलं भूक नाही. थेरपिस्टने ताट अर्धं फिरवलं. बाई म्हणाल्या, 'अगं, अजून होतं होय!' आणि खायला लागल्या. डोळे तपासायला हवेत का? विचारायचं."

डोळ्यांचा प्रश्न नव्हता. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली की कित्येकदा डावीकडच्या जगाची दखलच घेतली जात नाही. याला 'निग्लेक्ट' म्हणतात. मला तेव्हा हे माहीत नव्हतं आणि ते चाललं. काय दिसलं, मला काय वाटलं, प्रत्यक्षात काय झालं आणि काय विचारायचं, हे चारही त्या पाच-सहा ओळींत आहे. अशी वीस पानं भरली की अर्जातला निबंध आपोआप लिहून होतो.

पायरी ४: कामाची उकल करायला शिका

याला 'ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस' म्हणतात आणि या व्यवसायाचा प्राण यातच आहे. आपण जे काम विचार न करता उरकतो, त्याचे तुकडे करून कोणत्या तुकड्याला शरीराचं आणि मनाचं काय लागतं ते पाहायचं. घरी बसून, बिनपैशात, रोज करता येतं.

उद्या सकाळी दात घासताना थांबून बघा. आधी बेसिनसमोर उभं राहायला तोल लागतो. पेस्ट कुठे आहे ते शोधायला नजर, आणि इतर चार नळ्यांमधून ती ओळखायला मेंदू. टोपण उघडताना एक हात नळी धरून ठेवतो आणि दुसऱ्याचा अंगठा व दोन बोटं टोपण फिरवतात, म्हणजे दोन हात एकाच वेळी दोन वेगळी कामं करतात. ज्याचा एक हात निकामी आहे त्याचं घोडं इथेच अडलं. नळी किती दाबायची याचा अंदाज येतो बोटांच्या संवेदनेतून. ब्रश तोंडाशी न्यायला कोपर वाकतं, पण मागच्या दाढांपर्यंत पोचायला खांदाही थोडा उचलावा लागतो आणि मनगट सारखी दिशा बदलतं. चूळ भरायला ओठ घट्ट मिटावे लागतात. आणि एवढं झाल्यावर 'आता पुरे' हे कळावं लागतं. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती नेमकी इथे अडकते. हातात जोर असतो, ब्रश चालूच राहतो.

आता याच कामाला उलटीकडून भिडा. तोल जात असेल तर? खुर्चीवर बसून. पकड कमी असेल तर? ब्रशच्या दांड्यावर फोमची नळी चढवून ती जाड करायची. एकच हात चालत असेल तर? वर उचलून उघडायचं टोपण, किंवा ब्रश बेसिनवर ठेवून त्यावर पेस्ट. क्रम विसरत असेल तर? लागणारी तेवढीच वस्तू समोर, बाकी सगळं कपाटात. एका कामाचे असे पाच-सहा पर्याय सुचायला लागले की समजा डोकं योग्य दिशेने चाललं आहे.

रोज एक काम घ्या: मोजे घालणं, कुलूप उघडणं, चादर बदलणं, फोनवर संदेश लिहिणं. लिहून काढा. पहिल्या दिवशी सात पायऱ्या दिसतील, महिन्याभराने त्याच कामात वीस दिसतात.

जोडीला एक सकाळ ज्या हाताने लिहिता तो हात खिशात ठेवून काढा. एका हाताने शर्ट घालताना एक नियम स्वतःच सापडेल: कमजोर हात बाहीत आधी, आणि काढताना तोच शेवटी. जाड हातमोजे घालून टेबलावरची नाणी उचला. जुन्या चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन लावून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. फक्त एवढं केलं म्हणून रुग्णाचं आयुष्य कळलं असं मानू नका. तासाभराने तुम्ही हातमोजे काढता. काम कुठे अवघड होतं तेवढंच या खेळातून कळतं. हातमोजे काढता न येण्याचं काय असतं ते रुग्णाकडूनच ऐकावं लागतं.

आता पुन्हा त्या बटणाकडे. मदतीला एक शिडी असते. खालून सुरुवात करायची आणि गरज असेल तेवढंच वर चढायचं.

पहिली पायरी: थांबणं. दुसरी: मोघम प्रश्न, "आता पुढे काय?" तिसरी: नेमकी सूचना, "बटणाची कड काजात सारा." चौथी: बोटाने दाखवणं किंवा स्वतःच्या शर्टावर करून दाखवणं. पाचवी: कोपराला किंवा मनगटाला हलका स्पर्श. सहावी: त्यांच्या हातावर हात ठेवून मिळून करणं. आणि अगदी शेवटी, आपण करून देणं. मी त्या दिवशी पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली होती.

नोंदींमध्येही हेच मोजलं जातं. कामातला तीन चतुर्थांश किंवा जास्त वाटा रुग्ण स्वतः उचलत असेल तर ती 'मिनिमल' मदत, ५० ते ७४ टक्के उचलत असेल तर 'मॉडरेट', २५ ते ४९ टक्के असेल तर 'मॅक्झिमल'. लक्षात ठेवायला सोपं, पण टक्केवारी रुग्णाच्या वाट्याची आहे, आपल्या नाही. पहिल्या सहामाहीत निम्मा वर्ग इथे उलट लिहितो.

पायरी ५: शरीररचना, पण सगळी नाही

पूर्ण शरीर पाठ करायला जाल तर महिन्यात दमाल. आधी खांद्यापासून बोटांपर्यंत पक्कं करा. एका हातात, मनगटासकट, २७ हाडं. त्यातली मनगटाची आठ. खांद्याचा सांधा सांभाळणारे रोटेटर कफचे चार स्नायू. मानेच्या पाचव्या मज्जारज्जूमुळापासून छातीच्या पहिल्या मुळापर्यंत, म्हणजे सी-५ ते टी-१, यांचं मिळून झालेलं ब्रेकियल प्लेक्सस नावाचं नसांचं जाळं. हे जाळं रोज सकाळी कोऱ्या कागदावर आठवून काढा, मग पुस्तकाशी ताडून पहा. पहिले आठ-दहा दिवस चुकेल. पुस्तक चार वेळा वाचण्यापेक्षा एकदा आठवून काढलेलं जास्त टिकतं.

प्रत्येक नसेला एक चित्र जोडा. रेडियल नस गेली की मनगट लुळं पडून खाली लोंबतं. अल्नर गेली की करंगळी आणि अनामिका नख्यांसारख्या वळतात. मीडियन गेली की अंगठा इतर बोटांच्या समोर येत नाही, म्हणजे चिमूटच जाते. हीच मीडियन नस बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरांसोबत मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते. त्या गर्दीत ती दाबली गेली की कार्पल टनेल सिंड्रोम.

स्वतःच्या अंगावर चाचपून शिका. कोपराच्या आतल्या बाजूला बोट दाबून करंगळीत झिणझिण्या आणा, अल्नर नस आयुष्यात विसरणार नाही. स्वस्तातला प्लॅस्टिकचा गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, घेऊन घरातल्या सगळ्यांची कोपरं मोजा. कोपर सरळपासून साधारण १५० अंशांपर्यंत वाकतं, पण रोजची बहुतेक कामं ३० ते १३० अंशांतच भागतात. म्हणजे कोपर पूर्ण सरळ होत नसलं तरी माणूस जेवू शकतो, केस विंचरू शकतो. 'पूर्ण बरं' आणि 'कामापुरतं बरं' यांतलं अंतर इथे दिसतं.

वैद्यकीय शब्दांची भीती वाटते? मराठी माणसाला ती निम्मीच वाटायला हवी. ग्रीक-लॅटिनचे कितीतरी तुकडे संस्कृतचे चुलत भाऊ आहेत. अफेजिया (बोलणं किंवा बोललेलं समजणं जाणं), अप्रॅक्सिया (हातात जोर असूनही कृती न जमणं), अग्नोसिया यांतला 'अ' म्हणजे आपल्या 'अशक्त'मधलाच नकाराचा 'अ'. अग्नोसिया, म्हणजे दिसूनही वस्तू न ओळखणं, हा शब्द तर मुळाशी आपला 'अज्ञान'च आहे. हायपर हा 'उपरि'चा भाऊ, ऑस्टिओ 'अस्थि'चा, गुडघ्याचा जेनु 'आजानुबाहू'मधल्या 'जानु'चा, आणि डिस्फेजियातला, म्हणजे गिळायच्या त्रासातला, डिस हा 'दुष्कर'मधल्या 'दुस्'चा. वहीच्या एका पानावर अशी भावंडांची यादी करा. परीक्षेत उपयोग होतोच, शिवाय मजा येते.

त्यापुढे पक्षाघात, मेंदूला इजा, पार्किन्सन, संधिवात, स्मृतिभ्रंश, सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझम यांची तोंडओळख पुरे. प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: या माणसाची सकाळ कशी जाते?

पायरी ६: स्वतःची पाठ आणि दुसऱ्याचा खांदा

खुर्चीवर बसा. पाठ सरळ ठेवा, डोकं पुढे न आणता उठायचा प्रयत्न करा. उठता येत नाही. आता पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, कडेला सरका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका. अलगद उठलात. व्हीलचेअरवरून पलंगावर जाणाऱ्या रुग्णाला नेमकं हेच जमवून द्यायचं असतं, आणि ज्याला हे कळलं तो रुग्णाला वर ओढत नाही.

प्रत्यक्ष ट्रान्सफर, म्हणजे रुग्णाला असं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणं, कोर्समध्ये देखरेखीखाली शिकवतात. तोवर कुणावर प्रयोग करू नका. पण क्रम पाठ असू द्या: खुर्ची पलंगाला तिरकी, रुग्णाची चांगली बाजू पलंगाकडे, दोन्ही ब्रेक, पायपट्ट्या बाजूला, कपड्यांवरून कमरेला पट्टा, पुढे सरकणं, पावलं जमिनीवर, पुढे झुकणं, मोजून तीन. उभं राहिल्यावर चेहरा बघायचा. फार दिवस झोपून असलेल्याचा रक्तदाब उभं राहताच झपकन उतरू शकतो. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती धोक्याची खूण.

आणि एक गोष्ट आजपासूनच अंगी बाणवा, घरात कुणी आजारी असेल तर त्यांच्यासाठीही: लुळ्या पडलेल्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. स्नायूंचा आधार गेलेला खांदा सांध्यातून निखळतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. नातेवाईक प्रेमापोटी हे रोज करतात.

तुमच्या पाठीसाठी मांड्या आणि पोटाचे स्नायू मजबूत करा. भारी वजनं नकोत, बैठका आणि चालणं पुरेसं आहे. वाकताना कंबर पिळण्याची सवय असेल तर ती आताच मोडा.

पायरी ७: लिहिणं

याचा लोकांना अंदाजच नसतो: उपचाराइतकंच काम नोंदींचं असतं. नोंदीची सगळ्यात रुळलेली चौकट म्हणजे 'सोप': रुग्ण काय म्हणाला, आपण काय पाहिलं व मोजलं, त्याचा अर्थ काय, पुढे काय करायचं. सराव म्हणून घरातल्या कुणाचं एखादं काम पाहून चार ओळी लिहा. 'आजी छान चालल्या' हे निरीक्षण नव्हे. 'आजी भिंतीला हात लावून खोलीभर चालल्या, दाराशी एकदा थांबल्या, तोंडी सूचना दोनदा लागली' हे निरीक्षण. आधीच्या वाक्यात लिहिणाऱ्याचं मन दिसतं, नंतरच्यात आजी दिसतात.

अर्जातल्या निबंधातही तेच. 'लहानपणापासून सेवेची आवड' हे वाक्य निवड समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं की डोळा त्यावरून घसरतो. वहीतला एक प्रसंग घ्या, शक्य तर आपली चूक झालेला, आणि सरळ सांगा.

पायरी ८: कागदपत्रं, लसी आणि वेळेचं गणित

हे रटाळ आहे पण यात उशीर महागात पडतो. हिपॅटायटिस बी लसीच्या नेहमीच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पसरलेल्या असतात, म्हणजे प्रवेश मिळाल्यावर सुरू केल्या तर कित्येकदा वेळ निघून जाते. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची नोंद शोधून ठेवा. क्षयाची त्वचाचाचणी ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यावी लागते आणि काही ठिकाणी ती एक ते तीन आठवड्यांनी पुन्हा मागतात. गुरुवारी संध्याकाळी टोचून घेतली आणि दवाखाना शनिवार-रविवार बंद असला, की सगळं पहिल्यापासून. सीपीआरचं प्रमाणपत्र आरोग्यसेवकांसाठीचं लागतं, शाळेत मिळालेलं सहसा चालत नाही. पोलीस पडताळणीत जुनं काही निघेल अशी शंका असेल तर प्रवेशाच्या आधीच परवाना देणाऱ्या मंडळाला विचारा. दोन वर्षं शिकून मग नकार मिळणं फार वाईट.

वेळेचं गणित याहून कठीण. अमेरिकी चौकटीत असिस्टंटच्या विद्यार्थ्याला शेवटी किमान १६ आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. थेरपिस्टच्या विद्यार्थ्याला तेच २४ आठवडे. हुशार विद्यार्थी कोर्स सोडतात ते मी बहुतेकदा याच टप्प्यावर पाहिलं आहे, अभ्यासामुळे नाही. नोकरी सांभाळत शिकायचा बेत असेल तर या चार महिन्यांची तजवीज पहिल्या दिवशीच करा: बचत किती लागेल, मुलांना कोण बघेल, जागा दूर मिळाली तर जाणार कसे. घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. 'परीक्षा जवळ आली आहे' हे घर समजून घेतं, 'चार महिने रोज पूर्णवेळ जाणार आणि पगार नाही' हे ऐनवेळी सांगितलं की समजून घेत नाही.

पहिल्या दिवसाच्या आधी

मनाची एक तयारी राहिली. इथे शौचाला नेणं हे उपचार असतात. वास, लघवी, उलटी, रडणं, शिव्या, सगळं येतं. पहिल्यांदा मळमळलं म्हणून तुम्ही नालायक ठरत नाही. पण चेहऱ्यावर ते दिसणार नाही याचा सराव लागतो, कारण समोरचा माणूस आधीच मेल्याहून मेला झालेला असतो. दोन-चार वेळा एखाद्या वृद्ध नातेवाइकाची सगळी निगा स्वतः करून पहा, त्यांची हरकत नसेल तर.

बाकी सामान थोडं. कापलेली नखं, न घसरणारे बंद बूट, खिशात मावणारी वही, आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. घड्याळ नाडी मोजायला म्हणून घ्यायचं. पण त्याचा खरा उपयोग मला नंतर कळला: कुणी काही करायला धडपडत असताना आपण किती वेळ गप्प राहिलो ते मोजायला. मिनिट झालं असं वाटतं तेव्हा काटा बाराव्या-पंधराव्या सेकंदावर असतो. त्या आजोबांच्या वेळी माझ्याकडे घड्याळ नव्हतं. 'मिनिटभर पाहिलं' असं वर लिहिलंय खरं, पण ते वीस सेकंदांच्या वर असेल असं आता मला वाटत नाही.